ए-थ्रीवर न मावलेलं घराणं

भूमी अभिलेखच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
एकवीस वर्षं सातबारेच काढतोय.
कुणाचं किती उरलं, हे घरच्यांआधी मला कळतं :
गट नंबर, आकार, सोसायटीचा बोजा,
हक्कसोड दिलेल्या बहिणीचं नाव कंसात.

एप्रिलात, बेचाळीसच्या उन्हात,
लाइट नुकतीच आली होती, तेव्हा
एक गोरी म्हातारी पायरी चढली.
डोक्यावर ओला टॉवेल, आपलाच,
अशोक चौकातून घेतलेला, किमतीची चिठ्ठी तशीच.
काखेत पत्र्याची नळी.
नळीत घराणं.

विनिफ्रेड ऑल्डरशॉ, म्हणाली.
कागद उलगडत गेला, काउंटर संपलं,
तेव्हा चहावाल्या इरण्णाने एक टोक धरलं
आणि कपबशा हलवल्या.
सगळ्यात वर एकटाच रॉजर,
त्याला राजाने दिलेली जमीन.
म्हणजे इनाम वर्ग, मी म्हटलं.
मला दुसरं वाचताच येत नाही.

रॉजरचा थोरला. त्याचा थोरला. त्याचा थोरला.
चार हजार एकर, सहाशे वर्षं,
एक गुंठा फुटलेला नाही.
पोटहिस्सा नाही, वाटणीपत्र नाही,
बांध कोरल्याचा दावा नाही.
आमच्याकडे चौघा भावांत विहिरीचे वारसुद्धा वाटतात
आणि रविवारावरून डोकी फुटतात.

मग धाकट्यांचं काय?
अर्धं इंग्रजीत विचारलं, अर्धं हातवाऱ्यांनी.
तिचं बोट फिरलं :
हा चर्चमध्ये. हा फौजेत. हा जहाजासकट बुडाला.
हा इथे.
जास्पर, तिसरा. सोलापूर, अठराशे सत्याहत्तर.
दुष्काळी कामावर तलावाच्या भरावाची हजेरी घ्यायचा.
तापाने गेला. तेवीस वर्षं.

म्हणजे जमीन अखंड ठेवायची
तर पोरं तोडायची.
आम्ही पोरं ठेवली, जमीन तोडत आलो,
आता अकरा गुंठ्यांवर सात नावं.
शहाणं कोण, मला विचारू नका,
मी दोघांकडून सारखेच पैसे घेतो.

ए-थ्रीवर मावेना. नऊ तुकडे केले,
फेविकॉल लावून जोडले.
माझी मशीन काठाचे दोन मिलिमीटर खाते,
आणि जास्पर नेमका काठावर आला :
'जास्' एका कागदावर,
'पर' दुसऱ्यावर, मधलं गायब.
परत काढून देतो, म्हटलं.
राहू दे, म्हणाली,
घरच्यांनीही असाच ठेवला त्याला.

त्याच्या नावाखाली तीन बारीक अक्षरं होती.
म्हणजे काय? मूल नसताना वारला.
तीच अक्षरं तळाशी, तिच्या भावाखाली.
तिच्या नावाखाली जागा कोरी,
पण पेन्सिलने आखून ठेवलेली.
आणि जमीन?
विकली, बावन्न साली. कर.
आता तिथे गोल्फ खेळतात.

तुमचं घराणं? तिनं सहज विचारलं.
पणजा नरसय्या, तेलंगणातून चालत आला,
डोक्यावर मागाची फणी.
त्याचा बाप इथेच कुठेतरी खडी फोडत मेला म्हणतात,
त्याच मोठ्या दुष्काळात.
कुणाच्या तरी हजेरीत असेल तो,
नाव नसेल, पुरुष एकोणीस, बायका एकतीस,
त्यातला एक.
एवढं इंग्रजी मला येत नाही.
आणि येत असतं तरी.
नव्वद रुपये झाले, मी म्हटलं.

ती रिक्षाने जुन्या दफनभूमीकडे गेली.
मागे टॉवेलच्या पाण्याचा डाग, तोही लगेच वाळला.

पहिली प्रत काळी आली होती, ती माझ्याकडेच राहिली.
पाठ कोरी म्हणून टाकवली नाही.
तिच्यावर उधारी लिहितो आता :
इरण्णा, चहा, बारा.
वाडकबाळचे गुंड, फेरफाराच्या चाळीस प्रती, बाकी.
उलटून पाहायची वेळ येत नाही सहसा.