गोल आकडा

"दोरा तीनशे. पेट्रोल बाराशे. किरकोळ पाचशे."
नोवाकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
"इतके गोल आकडे कुणाच्या घरात राहतात?
हे म्हणजे आपणच दारात दिवा लावून
या, तपासा, म्हणणं."

बाहेर टोलेडोचा मार्च,
फुटपाथच्या कडेला काळा पडलेला बर्फ.
मांडीवर बुटांचं खोकं, त्यात वर्षभराच्या पावत्या,
आणि मी ओशाळलेली.
बावीस वर्षं माणसं मापतेय,
एकाचीही छाती पूर्णांकात भरली नाही.
साडेचौतीस. पावणेएकोणचाळीस.
पेडणेकर मास्तरांनी छडीवर घोटलेली
पावकी, निमकी, पाऊणकी
इंचपट्टीवर रोज म्हणते मी,
आणि सरकारला सांगताना
अंदाजे?

रात्री तळघरात उतरले.
मशीनचा कोपरा मापला:
साडेअकरा फूट बाय पावणेदहा.
धुण्याच्या यंत्राखालची जागा वगळली,
तिथे धंदा नाही, आमचे मोजे असतात.

मग गाडीची वही.
मॉमी नदीपलीकडे, सलमा हद्दादच्या लेकीचा लग्नाचा झगा,
तिसरं फिटिंग.
जाताना सव्वाअकरा मैल, येताना साडेचौदा.
मधे कांदे घेतले होते.
ते सव्वातीन मैल कांद्यांचे. खोडले.

राहिली रोख.
रोख पैसा बोलत नाही, पावती मागत नाही,
डाळीच्या डब्यात निमूट झोपून राहतो.
दिगंबर जिन्यावरूनच म्हणाला, "ते कोण विचारतंय?"
म्हटलं, हरवलेली टाचणी
कपड्यातच असते रे,
कधीतरी कुणाच्या तरी बरगडीत निघते.
तो वर गेला. मी डबा उपडा केला.
पहाटे तीनपर्यंत
डाळ एकीकडे, डॉलर एकीकडे.

गुरुवारी परत नोवाकबाईंसमोर.
त्यांचं बोट रांगेवरून उतरत गेलं,
तीनशे बारा पॉइंट चाळीस, अकराशे सदुसष्ट,
मान हलत होती,
आणि ऑक्टोबरात थबकली.
"हे काय? प्रुइट, कोट, शून्य?
शून्याहून गोल आकडा नाही दुसरा."

सांगितलं.
बायको गेल्यावर तिचा हिरवा कोट घेऊन आले होते,
बहिणीच्या मापाचा करून द्या म्हणाले.
खांदे आत घेतले, बाह्या पाऊण इंच सोडल्या.
खिशात एक जपलेला बसचा पास सापडला,
तो परत खिशातच ठेवून
वरून दोन टाके घातले.
त्याचे किती लावायचे,
मला येईना.

त्या काही बोलल्या नाहीत.
पेनचं टोपण काढलं, लावलं.
"राहू दे," म्हणाल्या. "हे खरं शून्य आहे."

त्यांची फी एकशे ऐंशी.
मी एकशे एक्क्याऐंशी ठेवले.
"वरचा एक कशाला?"
आमच्यात गोल रक्कम हातावर ठेवत नाहीत,
एक वर असतो, म्हणजे हिशेब चालू राहतो.

नोवाकबाई हसल्या,
खण उघडून स्वतःची वही काढली,
आणि तारीख घालून,
माझ्या देखत,
तोही लिहिला.