किल्लीसोबतची चिठ्ठी

मिस्टर ट्रेवार्था,
तळघरातला दिवा दोनदा दाबावा लागतो,
सौनाचं दार जुलैत फुगतं.
हँकॉकमधली सगळीच घरं अशी, कळेल तुम्हाला.
लिहायचंय ते ईशान्य कोपऱ्यातल्या बर्चबद्दल.

एका बुंध्यातून तीन खोडं.
दोन पांढरी, तिसरं अजून तपकिरी.
रोगट नाही ते.
बर्च जन्मतः पांढरा नसतो,
काहींना उजळायला फार वेळ लागतो इतकंच.

याच्याआधी एक होता,
गॅरेजपुढे, भर दक्षिणेला.
रस्त्यावरून दिसावा म्हणून आर्वोने लावलेला.
पायाशी तापलेलं डांबर, खोडापर्यंत तासलेलं गवत,
आणि आम्ही म्हणायचो, वा!

अकराव्या वर्षी जूनमध्ये
आर्वो करवत घेऊन चढला,
एक फांदी धुराड्याला घासत होती म्हणून.
रस थांबेना.
तो बाहीने पुसत राहिला, जसं मुलाचं नाक पुसावं.
त्या वासावर भुंगेरे येतात, ब्राँझच्या रंगाचे,
हे आम्हाला नंतर सांगितलं गेलं.
शेंड्याची पानं आधी विरळ झाली,
मग खोडावर भोकं दिसली,
नखाएवढीही नाहीत, अर्ध्या चंद्रासारखी.
शिडी मी धरली होती.

म्हणून हा इथे.
दुपारी घराची सावली बरोबर याच्या पायाशी येते.
घराला सावली कशासाठी असते
ते मला सत्तरीत कळलं.

मुळं अगदी वर असतात याची,
चादरीखाली पायाची बोटं असावीत तशी.
तिथे कुदळ नको, गवत कापायचं यंत्र नको.
लाकडाचा भुसा पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब;
गळ्याशी घट्ट मफलर कुणाला आवडतो?
कापायचंच असेल काही
तर पानं झडल्यावर, थंडीत, आणि थोडंच.

साल सोलू नका. आपणहून सुटते ती सुटू द्या.
बुटक्या खोडावरचा काळा पट्टा माझ्या नातीचा, सेन्याचा.
त्या सालीवर तिने लिहिलं होतं
"लिंबू सरबत, पंचवीस सेंट",
सरबताचं स्पेलिंग चुकवून.
एकच गिऱ्हाईक आलं. पोस्टमन.
साल परत आली नाही, येत नसते.

हिवाळ्यात तो जमिनीपर्यंत वाकेल.
बर्फ झटकायला धावू नका, फांद्या काडकन मोडतात.
नुसती वाट बघा.

आणि तलावावरून वादळ आलं,
की पांढरी खोडं दिसेनाशी होतात.
बर्फात बर्फ.
मग उरतं फक्त ते तपकिरी.
किराणा घेऊन येताना
मी त्याच्यावरूनच ओळखायचे
पायऱ्या कुठे आहेत ते.

ऑगस्टमध्ये पाणी विसरू नका.
नळी बारीक सोडून ठेवायची, तासभर, जेवण होईपर्यंत.
बाहेरचा नळ उलटा फिरतो.
तो आर्वोने बसवला होता.

— इर्या लेहतोला