तीन रेघा

कोरे गल्लीच्या तोंडाशी भरमाप्पा
सायकल भिंतीला टेकवायचा.
दोन पोती, जांबोटीकडचा कोळसा,
अर्धा खोकला, अर्धी आरोळी:
इद्दिलूऽऽ कोळसाऽऽ

मोजायचा कानडीत, वंदु, यरडु, मूरु,
भांडायचा मात्र मराठीत.
"ओला हाय म्हणूलीस? हात लावून बघ की गे!"
आई हात लावायची,
मग तोच हात माझ्या गालाला.

शेगडी अंगणात, फुटक्या सुपाचा वारा.
एक ठिणगी शाळेच्या शर्टावर उडाली होती,
खिशाच्या जरा खाली.
दुपारी दस्तगीर कल्हईवाला,
भाता, नवसागराचा झोंबरा धूर,
आणि घासल्या पातेल्यात
माझंच वाकडं तोंड.

उधारी भरमाप्पा वहीत लिहीत नसे.
दाराआड कोळशाचीच रेघ ओढायची,
पैसे मिळाले की
थुंकी लावून अंगठ्यानं पुसायची.

घरात गॅस आला.
तो यायचा थांबला,
की आम्हीच हाक मारायचं सोडलं,
कुणालाच सांगता येत नाही.

परवा रंगारी म्हणाला,
दाराआड काहीतरी काळं आहे, घासू?
आतून आई, ब्याऐंशीची, भिंत धरत धरत:
"तेवढं राहू दे बाबा.
तीन बुट्ट्यांचे द्यायचे हाईत त्याचे."