कोमट

आधी मेन स्विच बंद. एवढं मला येतं.
मग स्टुलावर चढून गिझरचं खालचं झाकण,
दोन स्क्रू, त्यातला एक गंजलेला,
भोवती बोअरच्या पाण्याचा पांढरा पापुद्रा
नखानं सुटणारा.

अण्णा दारात उभे.
एकलहऱ्याला तीस वर्षं
पाचशे चाळीस अंशांची वाफ सांभाळलेल्या माणसाला
पंचवीस लिटरच्या या डब्याविषयी
काही बोलायचं नाहीये.
तरी म्हणतात, "डावीकडे. डावीकडे फिरव. हळू."

सोमवारी त्यांचा पाय भाजला.
निफाडचा पारा चारवर आला होता त्या पहाटे,
जेल रोडवर आमच्याकडेही फरशी चावत होती.
त्यांनी उजव्या पावलावर तांब्या ओतला,
मग दुसरा,
तिसऱ्याला आई ओरडली,
तिला कातडी दिसली.
त्यांना काहीच कळलं नव्हतं.

डॉक्टर मोगलांनी साखर, नसा, बधिरपणा
असं बरंच समजावलं.
अण्णा म्हणाले, "म्हणजे सेन्सर गेला,"
आणि रिक्षात घरापर्यंत
दुसरं काही बोलले नाहीत.

चकती बोराएवढी. काटा पंच्याहत्तरवर.
कोणी लावला, कधी?
बहुतेक दुकानातूनच तसा आला
आणि आम्ही आठ वर्षं
त्यात गार पाणी मिसळत राहिलो.

पन्नास.
झाकण. स्क्रू. स्विच. लाल दिवा.
आता तो विझेपर्यंत थांबायचं.

थांबण्यात अण्णा पटाईत.
पलंगाच्या कडेवर बसून, पट्टी बांधलेला पाय लांब करून
त्यांनी रात्रपाळीतली गळती सांगितली:
शिट्टी ऐकू येते, वाफ दिसत नाही,
खरी तापलेली वाफ दिसतच नाही कधी.
मग झाडू पुढे धरून चालायचं,
एकेक पाऊल,
झाडूचे हीर जिथं कापले जातील
तिथून मागे.

आई मेथी निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"म्हणजे आता मी झाडू."

अण्णा हसले. सोमवारनंतर पहिल्यांदा.

दिवा विझला.
नळीतलं पहिलं गार पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला.
मग बादली. मग माझा थर्मामीटर,
सिन्नरच्या कॉलेजच्या लॅबमधून
हातरुमालात गुंडाळून आणलेला:
अठ्ठेचाळीस.
गार पाणी, दीड तांब्या: चाळीस.
मी दोनदा वाचला.

आईचा पाऱ्यावर भरवसा नाही.
तिनं बांगड्या वर सारल्या,
कोपर बुडवलं,
मला अंघोळ घालताना बुडवायची तसंच असणार,
मला कसं आठवेल.
"घ्या," म्हणाली. "चालेल."

पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून
अण्णा आत गेले. कडी लावू दिली नाही आम्ही.

संध्याकाळी टीव्हीवर त्यांची नवी वही दिसली.
पट्टीनं आखलेले रकाने, तेच जुने:
वेळ, तापमान, ऑपरेटर, शेरा.
सहा चाळीस. चाळीस अंश.
ऑपरेटरच्या खाली आईचं नाव, सिंधूबाई गांगुर्डे,
माहेरच्या लाडाचं नाही, रेशनकार्डावरचं.
शेरा:
कोमट. मजा नाही.
आणि खाली पूर्ण सही,
पगारपत्रकावर करायचे तशी.