पाण्याला उतार नसतो

नमनाला घडाभर तेल नको, मिस्टर लिंडक्विस्ट,
तुमच्या एकेका इंजिनात तसंही बाराच क्वार्ट मावतं.
कोणतं घालू, असं विचारलंत
आणि मोबाइलवर दाखवलीत
सोनेरी बाटली, तिच्यावर पेटलेला घोडा.

बसा. ती बादली पालथी करा आणि बसा.
ओझार्कच्या तळ्यावर अजून धुकं आहे,
शर्यत शनिवारी, आज मंगळवार.

मोटारीचं इंजिन घाट चढतं, मग उतरतं,
उतारावर पाय सुटतो, लोखंड श्वास घेतं.
पाण्याला उतार नसतो.
ताशी शंभर मैलांवर हे सपाट तळं म्हणजे
या धक्क्यापासून त्या पुलापर्यंत नुसता चढ,
आणि क्रँक नि बेअरिंग यांच्यामधल्या
केसाएवढ्या फटीत
तेलाचा एक पापुद्रा उभा असतो.
मध्ये पडणारं दुसरं कुणी नाही.

म्हणून मी आधी फट विचारतो.
कुणी बांधलं इंजिन? सैल की घट्ट?
सैल असेल तर ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी,
सकाळच्या गारठ्यात मधासारखं कुरकुरत निघणारं.
घट्ट असेल तर पातळ चालेल,
पण बांधणाऱ्याला फोन करून, घोड्याला विचारून नव्हे.
कॅम जुन्या घडणीचा असेल तर जस्त किती ते वाचा,
मोटारींच्या नव्या तेलांतून ते कमी करत आणलंय
आणि बाटलीवर ही गोष्ट मुंगीएवढ्या अक्षरांत असते.

आणखी एक. तळ्याचं गार पाणीच तुमच्या इंजिनात फिरतं.
हळू हिंडलात तर तेल पुरतं तापत नाही,
पेट्रोल त्यात मुरतं, ओल मुरते.
तेव्हा काडी ओढून नुसती रेघ बघू नका,
वास घ्या.
दुधाळ दिसलं तर इंजिन चालू करू नका,
ओढत आणा, रात्री दोन वाजता आणलीत तरी चालेल.

माझा भाऊ थेरॉन.
त्याला दोन मैल जास्त हवे होते.
पातळ तेल त्याने निवडलं, ओतलं मी.
शुक्रवारी संध्याकाळी फिल्टर कापला,
घड्या उलगडून पांढऱ्या ट्रेमध्ये पसरल्या,
विजेरी धरली
आणि त्या काळ्या घड्यांत तांबं चमकलं,
नाताळच्या भेटकार्डावरच्या चमकीइतकं.
थेरॉन ट्रेलरपाशी कुणाशी तरी हसत होता.
मी अंगठ्याने ते पुसलं.
अंगठा पँटला पुसला.

एकशे अठराला क्रँक धरला.
बोट एका बाजूला वळली, मग पाण्याने तिला वळवलं.

लोक म्हणाले, तेल.
कंपनीचा माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, बरोबर वकील.
मीही म्हणालो, तेल.
एकोणीस वर्षं या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला
त्या तेलाचं नाव घेऊन सांगितलं, ते घालू नका.
तसं वाईट नव्हतं ते.
थेरॉन आता सेडेलियाला गालिचे विकतो,
डाव्या पायात सळई आहे,
थँक्सगिव्हिंगला फोन करतो,
तळ्याची पातळी किती आहे विचारतो
आणि मी आकडा सांगतो.
त्यालाही मी तेलच सांगितलंय.

तुम्ही उगाच माझ्याकडे असं बघू नका,
तुमचा प्रश्न सोपा होता, मला कळतंय.

तर घोडा आणा, हवं तर. जाडी बरोबर असेल तर घोडाही पळेल.
पण शुक्रवारी सरावानंतर फिल्टर काढून आणा,
गरम असतानाच,
मी कापतो, तुम्ही विजेरी धरा.
दोघांनी डोळ्यांत तेल घालून बघायचं,
एकट्याने नाही.
मी एकट्याने बघत नाही आता.

झालं. उठा,
ती बादली मला हवी आहे,
तुमचं जुनं तेल काढायचंय.