व्यांद्रातला 'द'

सेंत-एत्येन. गुरुवार, संध्याकाळचे साडेसहा.
खालच्या मजल्यावर एके काळी रिबिनी विणायचे.
वर नऊ खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती.
तिच्यावरच सेमहार बसते,
हीटर तिथे जवळ पडतो.

गिझ्लेनबाई पूर्वी ट्राम चालवायच्या,
आता धातू चालवतात.
म्हणतात, सरळ वागणारे धातू हजारो आहेत,
ते येतील आपसूक.
पण ज्यांच्यावाचून दिवस सरत नाही,
असणं, जाणं, येणं, करणं,
ते सगळे वाकडे.
रोजच्या चमच्यासारखे.

'आले' म्हणजे जाणे.
(हसू नका. तिथे 'आले' म्हणजे जाणेच.)
मी जातो: झ व्हे. आम्ही जातो: नूझ आलों.
मी जाईन: झिरे.
एकाच जाण्याचे तीन भाऊ,
एकमेकांचं तोंड न बघणारे.
आपण तरी कुठे शहाणे,
'जा' म्हणून निघतो
आणि 'गेला' होतो.

यारोस्लावा म्हणाली, व्हू फझे.
चूक. व्हू फॅत.
बाई हसल्या. माझा नातू अजून असंच म्हणतो.

इथे वय होत नाही, वय जवळ असतं.
सेमहारजवळ चौतीस वर्षं आहेत.
ती बोटांवर मोजते,
दोन कमी भरतात.

झ स्वी, मी आहे.
झ स्वी, मी मागोमाग येतो.
अक्षरंही तीच.
"मग कळायचं कसं?" मिरवैस विचारतो,
पिझ्झाची चौकोनी पिशवी पायाशी घेऊन.
पुढच्या शब्दावरून.
"आणि पुढे शब्दच नसेल तर?"
बाई फळा पुसतात.

आजचं शेवटचं: व्हनीर, येणे.
झ व्यँ. नू व्हनों.
तो येईल: इल व्यांद्रा.

सेमहारचा हात वर.
मादाम, हा 'द' कुठून आला?
मूळ येण्यात नाही,
आजच्या नाही, कालच्याही नाही.
बाई स्वतःशीच दोनदा म्हणून बघतात.
"न वरून र वर जाताना जीभ अडखळते.
मधे पाय ठेवायला
एक दगड लागत असेल."

तिने ट्रामच्या वेळापत्रकामागे लिहिलं:
मों फ्रॅर व्यांद्रा.
फिलमोन, कंपालात, एका शिक्क्यासाठी तिसरं वर्ष.
'द' दोनदा गिरवला, कागद फाटेस्तोवर.

रात्रपाळी वृद्धाश्रमात.
बारा नंबरच्या खोलीतले मस्यो ब्रुशे
रोजच्यासारखे विचारतात,
माझी मुलगी येईल का?
कालपर्यंत ती नुसती मान हलवायची.

एल व्यांद्रा, मस्यो.

खरं-खोटं तिला ठाऊक नाही.
'द' मात्र नीट उमटला.
ते म्हणाले, बरं,
आणि उशी जरा डावीकडे सरकवायला सांगितली.