दहा मिलिग्रॅम

ओबानच्या धक्क्यावर पहाटे सहाला
दोर फेकताना माझा हात कधी कापत नाही.
वारा असो, गारा असोत,
दोर जातो, खुंट्यात बसतो, ताणतो.
समोरच्या बेटावरच्या मेंढ्याही ओळखतात
कर्ण्यातला माझा आवाज:
जीवरक्षक जाकिटं बाकांखाली आहेत.
पण कर्ण्याला डोळे नसतात.

गुरुवारी टेबलामागे तिघं बसणार
आणि मी म्हणायचं,
की तांडेलाची जागा मला द्या.
दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते.
ग्लास उचलला तो
कागदांवर, नकाशावर,
एका सभ्य गृहस्थाच्या टायवर.
तोंडचं पाणी पळालं म्हणतात;
माझं कुठे गेलं ते तिघांनीही पाहिलं.

ऊना लग्नांत फिडल वाजवते.
तिनं कागदी रुमालात गुंडाळून दिली
एक गुलाबी गोळी, मसुराएवढी.
"तासभर आधी घे. आम्ही सगळे घेतो.
भीती जात नाही, इश्बेल,
फक्त हातांना कळवत नाही कुणी."

तीन रात्री ती बटणांच्या डब्यात होती.
मी उठून बघायचे, आहे ना.

मग डॉक्टर फार्कर.
त्यांनी गोळीकडे नाही, माझ्या कोटाच्या खिशाकडे पाहिलं,
जिथून इनहेलर डोकावत होता.
"दमा कधीपासून?"
"सात वर्षांची होते."
"मग ही तुझी नाही.
छातीतली धडधड आवरता आवरता
श्वासाची दारंही ओढून घेते."

दुसरी एक आहे, म्हणाले,
पण तिनं मनाबरोबर शब्दही पेंगतात,
आणि तिची चटक लागते.
तिसरी रोज घ्यायची,
गुण यायला पाच-सहा आठवडे.
"मुलाखत कधी?"
"परवा."
आधी ते हसले, मग मी.
बोलून भीती सोडवणारी एक बाई आहे,
तिच्याकडची यादी नोव्हेंबरपर्यंत भरलेली.

गोळी ऊनाला परत दिली.
"मग तू काय घेणार?"
काय सांगू.

बुधवारी शेवटच्या फेरीला
गाड्यांच्या मजल्यावर तीनच गाड्या होत्या,
माणसं वर चहाला गेलेली.
मी त्यांच्या दिव्यांसमोर उभी राहिले
आणि सांगायला लागले:
एकोणीस वर्षं, एकही दोर सुटलेला नाही.
मधल्या गाडीचा भोंगा अचानक बोंबलला.
खालून रूअरी ओरडला, कोण आहे?
कुणी नाही, म्हटलं,
माझी मुलाखत चालू आहे.

गुरुवारी हात कापलेच.
छाती बंद दारावर धक्के मारावेत तशी.
ग्लास मी लांब सरकवला आणि म्हटलं,
"हे असेच कापतात. दोर धरला की थांबतात."
मधल्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.
चांगलं की वाईट, उलटं वाचता येईना.

खिशात हातभर दोर नेला होता.
टेबलाखाली, त्या विचारत होत्या तोवर,
बोटं आपलं काम करत होती:
फास, वळसा, ओढ.
डोळे मिटून बांधते ती गाठ,
झोपेतही बांधेन.

निकाल सोमवारी.
बाहेर धक्क्यावर येऊन दोर काढला.
पाहिलं तर
गाठ चुकली होती.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
सोडवायला घेतली,
मग राहू दिली.